लवीनाला घेऊन टेकडीपर्यंत

सोनोगीच्या पुढे रेल्वेचे रूळ आणि खाडी एकमेकांना इतके चिकटून जातात की मध्ये जेमतेम एक बांध उरतो. त्या बांधावर मी सकाळपासून बसलो आहे. ओमुराची खाडी म्हणायला समुद्राची, पण लाट म्हणून नाही. परातीत पाणी काढून ठेवावं तशी निवांत. पलीकडच्या डोंगरांवर चहाचे मळे आहेत आणि अलीकडे चार घरं, एक बंद पडलेलं दुकान, आणि हवेत घासलेटच्या शेगडीचा वास. जपानी खेड्यांना हिवाळ्यात हाच वास असतो. तो नाकात गेला की मला आई आठवतात.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वसईच्या. त्यांना मी आई म्हणायला लागलो ते माझी बायको लवीना गेल्यानंतर. त्याआधीची दहा वर्षं मी 'अहो, ऐकलंत का' यावरच भागवलं होतं आणि त्यांनीही 'जावई' याच्यापुढे मजल मारली नव्हती. मी पुण्याचा, घरात गणपती बसणारा. त्यांच्या घरी उंबऱ्यावर क्रूस, मागं केळीची बाग, विहिरीला रहाट होता त्याची नुसती खूण उरलेली. लग्न ठरवायला गेलो तेव्हा दुपारभर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त निघताना माझ्या पिशवीत सुकेळ्यांची एक जुडी कोंबली, पानात बांधलेली, आणि आत निघून गेल्या. होकार म्हणायचा की दुपारच्या पाहुण्याला काहीतरी द्यायचं म्हणून दिलं, ते मला कळलं नाही. लवीना म्हणाली, होकार. नकार असता तर केळी दिली असती, सुकेळी नाही.

आम्ही कावासाकीला राहायला आलो तेव्हापासून लवीनाच्या डोक्यात एकच होतं. आईला आणायचं आणि नागासाकीपर्यंत चालायचं. वसईचा एक माणूस चारशे वर्षांपूर्वी व्यापाराच्या निमित्तानं इकडे आला, संन्यासी झाला, आणि नागासाकीच्या टेकडीवर त्याला इतरांबरोबर क्रुसावर चढवलं. ऐन थंडीत, क्योतोपासून चालवत आणून. वसईत त्याचं नाव पोराटोरांना पाठ आहे. इथले ख्रिस्ती लोक अजूनही ती वाट चालतात. कुणी सगळी, कुणी शेवटचा तुकडा. लवीनानं शेवटचा तुकडा निवडून ठेवला होता. कारात्सुपासून इमारी, उरेशिनो, सोनोगी, मग खाडीच्या कडेकडेनं तोगित्सु आणि नागासाकी. दर वर्षी ती म्हणायची, पुढच्या हिवाळ्यात. दर वर्षी माझा कुठला तरी प्रोजेक्ट नेमका हिवाळ्यातच लाइव्ह जायचा.

लवीना जूनमध्ये गेली. ते सारं इथं सांगत नाही. पाऊस होता, आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांचा ओला वास होता, एवढंच माझ्याजवळ नीट शिल्लक आहे.

आईंचा पासपोर्टच नव्हता. त्या यायच्या आत सगळं उरकावं लागलं. इथे पुरायला जागा मिळणं जवळपास अशक्य. इथल्या ख्रिस्ती माणसांनाही जाळतात. नंतर घरच्यांनी लांब चॉपस्टिक्सनी अस्थी उचलून भांड्यात ठेवायच्या असतात. एक अस्थी दोघांनी मिळून उचलायची, दोघांच्या काड्या एकाच वेळी लागल्या पाहिजेत. माझ्या समोर ऑफिसातले एक वयस्कर सहकारी उभे राहिले, कारण दुसरं कुणी नव्हतं. ते फार सांभाळून वागले. माझ्या समोर आई असायला हव्या होत्या, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

आई जानेवारीत आल्या. लाल चौकड्यांचं लुगडं, कानात जाड कुड्या, पायात मोजे घालायची आयुष्यात पहिलीच वेळ. आमच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात शेल्फवर लाकडी पेटी होती, पेटीत ते भांडं. समोर आमच्या मुलीनं, तारानं, काढलेलं एक चित्र, एक मेणबत्ती. तारा तेव्हा सहा वर्षांची होती. ती त्या पेटीशी जपानीत बोलायची, शाळेतलं सगळं सांगायची. आईंना त्यातलं काही कळत नव्हतं. त्या पेटीसमोर उभ्या राहिल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "जाळलीत होय माझी पोर."

आमच्यात जाळतात, त्यांच्यात पुरतात, आणि इथे कुणाच्यात काय असतं हे कुणी विचारत नाही.

चार दिवसांनी त्यांनी आपलं म्हणणं सांगितलं. वसईला देवळामागं, म्हणजे चर्चच्या मागं, लवीनाच्या बाबांच्या कबरीची जागा आहे, तिथं तिला ठेवायचं. आधी नागासाकीला चालत जायचं, कारण पोरीची इच्छा होती. टेकडीवर प्रार्थना करायची आणि तिथून परस्पर विमानानं तिला घेऊन वसईला. माझ्या आईनं पुण्याहून फोनवर नदीचं नाव काढलं होतं, ते मी यांच्या कानावर घातलंच नाही. ऑफिसातल्या त्या सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सुचवलं की इथे अस्थींचे दोन भाग करायची पद्धत आहे, अर्धं इकडे, अर्धं गावाकडे, कुणी वावगं मानत नाही. मी ते आईंना सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आजही ते आठवतं.

"वाटे करायला ती काय बाग आहे?" त्या म्हणाल्या.

मी बरं म्हणालो. आईच्या जातीला मुलीबद्दल नाही म्हणण्याचं बळ माझ्यात नव्हतं. पण मनातून मला लवीना द्यायची नव्हती. ताराला काय सांगायचं, हे तर मला सुचतच नव्हतं. तिला टोकियोत निशी-कसाईला राहणाऱ्या एका मित्राकडे ठेवलं आणि आजी आईला घेऊन फिरायला चालली आहे असं सांगितलं. परत येताना काय, ते तिनं विचारलं नाही. कारात्सुला गाडीतून उतरलो तेव्हा मला एवढंच कळत होतं की ही वाट संपली की लवीना जाणार. म्हणून पहिल्या दिवसापासून मी हळू चाललो. आईंना वाटलं मला चालायची सवय नाही. तेही खरंच होतं.

पेटी कशी न्यायची हा प्रश्न होता. मी तिला सॅकमध्ये ठेवणार होतो. आईंनी ते ऐकूनही घेतलं नाही. त्यांनी वसईहून आणलेलं पांढरं सुती कापड काढलं. बाप्तिस्म्याला, पहिल्या कम्युनियनला, लग्नाला त्यांच्यात पांढरंच; लवीनाच्या अंगाला पहिल्यांदा लागलं तेही पांढरंच होतं म्हणाल्या. त्यात पेटी गुंडाळली, टोकं मानेमागं बांधली आणि तान्ह्या पोराला झोळीत घ्यावं तशी ती छातीशी घेतली. वरून लवीनाचंच निळं फुगीर जॅकेट, चेन अर्धी उघडी. अशा थाटात माझ्या सासूबाई जपानच्या रस्त्याला लागल्या.

त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही, की या देशात घरच्या माणसाच्या अस्थी नेमक्या अशाच नेतात. पांढऱ्या कापडात, गळ्यात बांधून, छातीशी धरून. शहरातल्या तरुणांना कदाचित कळणार नाही, पण खेड्यातल्या साठीच्या पुढच्या कुणालाही लांबूनच कळतं. आईंनी ते आपल्या मनानं केलं होतं, लेकराला उचलतात तसं म्हणून.

कारात्सुच्या बाहेर पाइनच्या झाडांखालून रस्ता जातो. तिथं समोरून एक छोटा पांढरा ट्रक आला, मागं कोबी भरलेला. आमच्या पुढं जाऊन थांबला. एक म्हातारा उतरला, डोक्यावरची टोपी काढली, रस्त्याच्या कडेला सरळ उभा राहिला आणि आम्ही समोरून जाईपर्यंत वाकून राहिला. मग टोपी घालून निघून गेला. आईंना हे फार आवडलं. "म्हाताऱ्या माणसाला काय मान देतात," त्या म्हणाल्या. "आपल्याकडं हॉर्न वाजवतात."

मी हो म्हणालो.

पुढं ते रोजचंच झालं. मासळी सुकत घातलेल्या एका छोट्या बंदरात आईंनी नाक वर करून खोल श्वास घेतला, त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर वसई आली, आणि तेवढ्यात जाळी विणणाऱ्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या आणि हात पुसून वाकल्या. बसच्या शेडमध्ये पावसासाठी थांबलो तर तिथल्या बाईनं आपली छत्री आमच्याजवळ ठेवली आणि स्वतः पावसातून पळत गेली. कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, काउंटरवरची बाई बाहेर आली, दार दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, आम्ही रस्ता ओलांडेपर्यंत. कुणी हातात धरायची गरम पाकिटं दिली, कुणी भाजलेली रताळी. एका घरातून कुणीतरी बाहेर येऊन रस्त्यावरच्या मशीनमधून चहाचे गरम डबे काढून दिले.

आणि सगळीकडे तीन. इमारीच्या अलीकडे मिकानच्या बागेत एक आजोबा शिडीवर होते. आम्हाला पाहून ते उतरले आणि संत्र्यासारखी ती छोटी फळं आईंच्या हातात दिली. तीन. चहाचे डबे तीन. रताळी तीन. आईंच्या लक्षात आलं. हिशेबाला त्या पक्क्या; त्यांनी वसईहून मुंबईला भाजी पाठवून संसार केला होता.

"दोघं आहोत तर तीन का देतात हे?" त्यांनी एकदा विचारलं. थोडं चालल्यावर त्यांचं त्यांनीच ठरवलं. "यांच्यात तीनच द्यायची पद्धत असेल. बाप, पुत्र, पवित्र आत्मा."

मला हसू आलं आणि ते ओठांवरच अडकलं. देणारे सगळे बुद्धाला मानणारे, त्यांना बाप-पुत्राचं काय. पण आईंचं समाधान झालं होतं. तिसरं मिकान त्या मला सोलून द्यायच्या. "खा जावई, तुम्हाला चालवत नाही." ते कुणासाठी दिलंय हे मला ठाऊक होतं आणि मी ते खात होतो.

चालताना आई फार बोलत नसत. कधी माळेतले मणी ओढत चालायच्या, कधी लवीनाच्या लहानपणातलं एखादं सांगायच्या. ती बागेत केळीच्या पानावर अक्षरं गिरवायची, विळीवर बसायला घाबरायची, मोगऱ्याच्या कळ्या काढायला पहाटे उठवलं की झोपेतच टोपली घेऊन चालायची. माझ्याजवळची लवीना तिशीनंतरची. ही दुसरी मला ठाऊकच नव्हती. मला वाटायचं, आणखी दोन गावं मध्ये असती तर बरं झालं असतं. उरेशिनोत गरम पाण्याच्या झऱ्यात पाय सोडून बसलो असताना त्यांनी विचारलं, "त्याला याच रस्त्यानं आणलं ना? त्याला कुणी पाणी दिलं असेल का?" वसईच्या त्या माणसाबद्दल विचारतात, हे मला कळायला वेळ लागला. मग म्हणालो, दिलं असेल. त्यांनी मान हलवली आणि पाय पुसले.

सोनोगीत पोचलो त्या दिवशी बारीक बर्फ पडत होता. मी फोनवर राहण्या-जेवणाची सोय असलेल्या एका छोट्या घरगुती खानावळीत दोघांची खोली सांगून ठेवली होती. मालकीणबाई उराता-सान, सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या. दार सरकवून त्या हसत बाहेर आल्या, आईंकडे पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं. दारातल्या लाकडी फळीवर त्या कशाबशा गुडघ्यांवर बसल्या आणि कपाळ टेकवून नमस्कार केला. तो आम्हाला नव्हता. मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले, ओंजळ करून.

कारात्सुपासून आईंनी पेटी कुणाच्या हातात दिली नव्हती. माझ्याही नाही. न्हाणीघरात गेल्या तरी दाराशी ठेवून लक्ष ठेवायच्या. त्या दिवशी त्यांनी मानेमागची गाठ सोडली आणि पेटी त्या परक्या बाईच्या हातात ठेवली. उराता-साननी ती छातीशी धरली, आत नेली, खोलीतल्या फुलदाणीच्या जागी मऊ उशी घातली आणि तिच्यावर ठेवली. मग जपानीत म्हणाल्या, थंडीत फार दूरवरून आलात, आराम करा. तेही आम्हाला नव्हतं. आईंना भाषा येत नव्हती, पण कुणाशी बोलणं चाललंय ते बोलणाऱ्याच्या मानेवरून कळतं.

जेवायला ताटं आली. एक आईंपुढं, एक माझ्यापुढं. तिसरं, जरासं लहान, पेटीपुढं. वाफ निघणारा भात, सूप, कच्च्या मासळीचे पातळ काप, लोणचं. चॉपस्टिक्स पेटीच्या बाजूला तोंड करून ठेवलेल्या.

आईंनी त्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणखी कोण यायचंय?"

आता सांगावंच लागणार होतं. "कुणी नाही," मी म्हणालो. "ते लवीनाचं आहे."

शेगडीवरची किटली तेवढी आवाज करत होती. उराता-सान दाराजवळ बसून होत्या, काही चुकलं की काय अशा काळजीत. मग आईंनी मला सांगितलं, नेहमीच्या आवाजात, "त्यांना सांगा, ती कच्चा मासा खात नाही."

मी सांगितलं. उराता-सान लगबगीनं उठल्या, माफी मागत मागत काप उचलून नेले आणि थोड्या वेळानं भाजलेली मासळी घेऊन आल्या. आईंनी ती बशी आपल्याकडं ओढली. बोटांनी तिचे काटे काढले, एक एक, बारीक काटेसुद्धा, आणि निवडलेली मासळी पेटीपुढच्या ताटात ठेवली. मग त्या रडल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होतो. उराता-सान तिथंच बसून राहिल्या. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही. फक्त आमचं जेवण गार झालं तेव्हा सूप परत गरम करून आणलं.

नंतर आईंनी मला विचारलं, "म्हणजे या सगळ्यांना ठाऊक होतं?"

"हो."

"टोपीवाल्याला?"

"त्यालाही. कापड पाहून कळतं यांना."

"आणि ती तिसरी फळं..." त्या म्हणाल्या. मला वाटलं त्या माझ्यावर रागावतील. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की मी ती खाल्ली ते बरं झालं, वाया गेली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून चालणं बदललं. आता कुणी वाकलं की आईही वाकायच्या, पेटी दोन्ही हातांनी सावरून. वसईच्या बाईला ते वाकणं येत नव्हतं, अर्ध्यात थांबायच्या. तरी समोरची माणसं पुन्हा खाली जायची. याच बांधावर आम्ही बसलो होतो. माझ्याहून मोठ्या वयाच्या एका माणसानं सायकल थांबवून मिकान दिली, आणि आईंनी तिसरं न विचारता झोळीत पेटीजवळ ठेवला. खाडी आजच्यासारखीच होती. मला त्या सायकलवाल्याचं नाव ठाऊक नाही. एकाचंही ठाऊक नाही, उराता-सान सोडल्या तर. उराता-सानांची खानावळ बंद झाली आहे. काल तिथून आलो, दारावर कुलूप आहे आणि फळीवर पानं साचली आहेत. शेजारच्यांनी सांगितलं की त्या मुलाकडं गेल्या, कुठल्या गावाला ते त्यांना नीट सांगता आलं नाही.

तोगित्सुनंतर गाव सुरू झालं ते संपलंच नाही. ट्रामचे रूळ आले, सिग्नल आले. उराकामीत एका वळणावर मी मुद्दाम उलट्या गल्लीत शिरलो, एवढाच अर्धा तास जास्त. आईंना ते कळलं असावं. त्या माझ्यामागून आल्या.

टेकडी म्हणजे आता शहरातलं एक छोटं उंच मैदान. स्टेशनच्या वर, बसच्या आवाजात. तिथं त्या सगळ्यांच्या मूर्ती एका ओळीत आहेत, भिंतीवर, पाय खाली मोकळे सुटलेले. आईंना त्यांतला आपला वसईचा कोणता ते कळेना. पानं झाडणारी एक बाई होती, तिनं आईंच्या गळ्यातली झोळी पाहिली, झाडू भिंतीला टेकवला, हातमोजे काढून वाकली आणि मग आम्ही विचारल्यावर बोटानं दाखवला. आईंचा हात पायापर्यंत पोचत नव्हता. त्यांनी भिंतीलाच हात लावला आणि उभं राहून प्रार्थना केली. मी बाजूला उभा होतो. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं, फुकुओकाहून. मी आतल्या आत ताराला सांगायची वाक्यं जुळवत होतो आणि एकही जुळत नव्हतं.

प्रार्थना झाल्यावर आई बाकावर बसल्या. समोरून ट्राम गेली.

"याच्या आईला कधी कळलं असेल?" त्या म्हणाल्या. "जहाजानं यायला वर्ष लागत असेल. तिला कुणी येऊन सांगितलं असेल, आणि हातात काही नाही."

त्यांनी मानेमागची गाठ सोडली. मला वाटलं मान अवघडली असेल. त्यांनी पेटी कापडासकट उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"तिला तुम्ही कावासाकीला न्या."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्या समोर बघत होत्या.

"इतके दिवस चाललो," त्या म्हणाल्या. "एकानं तरी विचारलं का, यात काय आहे म्हणून? तिकडं विमानतळावर विचारतील. रिक्षावाला विचारेल. गावात तर दारादारातून विचारतील, काय आणलंत, पेटी कसली, अशी कशी आणली. प्रत्येकाला मला सांगावं लागेल. मला नाही जमायचं सांगायला, जावई."

मी खूप काही म्हणायला हवं होतं. आई, नेऊ या तिला, मी येतो बरोबर, मी सांगतो सगळ्यांना. यातलं काही तोंडातून आलं नाही, कारण मला ती हवी होती. मांडीवर तिचं वजन होतं, आणि मला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटली, आणि त्याच वेळी शेजारी बसलेल्या बाईचे रिकामे हात दिसत होते. दोन्ही एकदम होतं. मी रडलो, बसची वाट पाहणाऱ्या माणसांसमोर, आणि कुणी पाहिलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

फुकुओकाला विमानतळावर आईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पहिल्यांदाच. ताराला मोगरा लावायला कुंडी द्या म्हणाल्या, आणि तिला मराठीत चार शब्द शिकवा. त्या आत गेल्या, सुरक्षा तपासणीत हात पसरून उभ्या राहिल्या, लाल लुगड्यावर निळं जॅकेट. त्यांच्याजवळ तपासायला काही नव्हतं.

आई गेल्या त्या वर्षी विमानं बंद होती. फोनवर कळलं. देवळामागच्या त्या जागेत लवीनाच्या बाबांशेजारी आता त्या आहेत. मी अजून ती जागा पाहिलेली नाही. तारा आता मोठी झाली. मी इकडं निघालो तेव्हा तिनं जपानीतच विचारलं, एकटे का चालताय.

कारात्सुपासून मी पुन्हा चालत आलो, एकटा, पाठीवर सॅक. तीच पाइनची झाडं, तीच बंदरं, बागांमधून तीच शिडी लावलेली माणसं. लोक नमस्कार म्हणाले, आज थंडी आहे म्हणाले. कुणी थांबलं नाही, कुणी उतरलं नाही, कुणी काही दिलं नाही. का देतील? मी सुट्टीत चालायला निघालेला परदेशी माणूस. ते सारं तिच्यासाठी होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण रिकाम्या हातानं चालल्यावर ते पायांना कळलं.

त्या दिवशी आईंना सोडून मी फुकुओकाच्या हाकाता स्टेशनवरून शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडली. रिझर्व्हेशन नसलेला डबा, शुक्रवारची संध्याकाळ, सूटवाल्यांची गर्दी. एक मधली सीट मिळाली. पेटी मांडीवर, कापडात. गाडी सुटल्यावर खिडकीशी बसलेल्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे. चाळिशीचा असेल, थकलेला, हातात अर्धवट खाल्लेला जेवणाचा डबा. त्यानं डबा मिटला, ब्रीफकेस उचलली, आणि मी काही म्हणायच्या आत उठला. त्याला ओसाकापर्यंत जायचं होतं, तो तिथं उतरला तेव्हा मला कळलं. तो दाराजवळ उभा राहून गेला. उठताना त्यानं खिडकीजवळच्या जागेकडे हात केला आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनींना इथं बसू द्या."

मी लवीनाला खिडकीशी बसवलं.